विषय : निरीक्षण विंधन विहिरी घेणेबाबत

आबांनी दाखवलेली लोखंडी नळी जमिनीच्या वर जेमतेम वीतभर होती. तोंडाला झाकण, झाकणाला गंजून घट्ट बसलेलं कुलूप आणि अंगावर पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलेली अक्षरं : ‘नि. वि. ४’. भोवती काँग्रेस गवत माजलेलं. पलीकडे जुनी दगडखाण. पावसाळा सरला की तिच्यात साचलेलं पाणी पिवळट-हिरवं दिसतं, आणि तिच्या काठाला मातीतून गंजलेल्या पिंपांच्या कडा अजून वर डोकावतात.

“साहेब लोक आले, चार दिवस मशीन लावलं, बाटल्या भरभरून नेल्या,” आबा म्हणाले. “आम्ही विचारलं, तर म्हणाले रिपोर्ट येईल. ताई, तो रिपोर्ट कुठाय तेवढं बघा.”

तो ‘रिपोर्ट’, म्हणजे खाणीत टाकलेल्या घातक कचऱ्याच्या तपासणीचा अहवाल, हातात यायला चौदा महिने लागले. कसे लागले, कुठे आम्ही चुकलो आणि शेवटी तो कुठे सापडला, ते इथे सविस्तर लिहिते आहे. गावाचं आणि कार्यालयांचं नाव देत नाही. त्या गावाला त्याच कार्यालयांकडे अजून बरीच कामं आहेत. शिवाय हा शोध कोणत्या वाटेने गेला, ते अशाच खाणीशेजारी राहणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण ती न समजल्यामुळेच आमचे पहिले चार महिने वाया गेले. घातक कचऱ्याचे आपल्याकडचे पहिले नियम २८ जुलै १९८९ ला आले. आज लागू आहेत ते २०१६ चे. कारखान्याने हा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ आवारात ठेवायचा नाही, अधिकृत सुविधेकडेच पाठवायचा, वाहतुकीसोबत कागद जायला हवेत, आणि वर्षाचा हिशेब नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा. राज्य मंडळाने त्यावरून यादी करून ३० सप्टेंबरपर्यंत ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवायची. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशात तर असंही सांगितलं होतं की, कारखान्याने फाटकाबाहेर फलक लावून आपल्याकडची घातक रसायनं आणि कचरा यांचे आकडे लोकांना दिसतील असे लिहावेत. औद्योगिक वसाहतीत फिरून मी ते फलक वाचले. काही ताजे रंगवलेले होते, काहींवर रकाने होते पण आकडे नव्हते.

ही सगळी साखळी कारखान्याच्या फाटकापासून सुरू होते. खाणीत पडलेला गाळ कोणत्या फाटकातून आला, हे कुठेच लिहिलेलं नाही. गावात सांगतात की रात्री ट्रॅक्टर यायचे. कुणाचे, ते कुणी पाहिलं नाही. जे पाहिलं असं म्हणतात, त्यातले दोघे आता हयात नाहीत. खाण गायरानात आहे, म्हणजे जमीन सरकारची. अशा बेवारस कचऱ्याचा नमुना ४ कुणी भरत नाही. तो वार्षिक यादीत येत नाही, वाहतुकीच्या कागदांत येत नाही. त्याच्याबद्दल एकच कागद असू शकतो : कुणीतरी मुद्दाम जाऊन, माती-पाणी तपासून लिहिलेला अहवाल. आणि असा अहवाल नेमका कुणाच्या घरचा, हेच ठरलेलं नसतं. जमीन एकाची, पैसा दुसऱ्याचा, काम तिसऱ्याने केलेलं, नमुने चौथ्याच्या प्रयोगशाळेत तपासलेले. चौघांकडेही थोडं थोडं असतं, आणि विचारायला गेलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पहिला अर्ज

माहिती अधिकाराच्या अर्जाचं जोडपत्र ‘अ’ भरलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि लिहिलं : “गावालगतच्या दगडखाणीत टाकलेल्या घातक कचऱ्याबाबत आजपर्यंत झालेल्या सर्व तपासण्यांच्या अहवालांच्या प्रती मिळाव्यात.” हा अर्ज तीन कार्यालयांना पाठवला. आपल्याला सुचेल तेवढं व्यापक मागितलं की काही सुटणार नाही, असं वाटलं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहिलं उत्तर आलं. “आपण मागणी केलेल्या विषयाचा अहवाल या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.” दुसऱ्या कार्यालयाने कलम ६(३) लावून अर्ज पहिल्याकडे वर्ग केला. तिसऱ्याने तोच पहिल्याकडे आणि दुसऱ्याकडे, दोन्हीकडे पाठवला. महिनाभर आमच्या पत्त्यावर फक्त पृष्ठांकनाच्या, म्हणजे अर्ज पुढे पाठवल्याच्या, प्रती येत राहिल्या.

तेव्हा मला फार राग आला होता. सरळ खोटं बोलतायत असंच वाटलं. आज ते वाक्य पुन्हा वाचताना दिसतं की त्यात खोटं काहीच नव्हतं. “मागणी केलेल्या विषयाचा” हे शब्द नीट पाहा. माहिती अधिकारी काय करतो? अर्जातला विषय घेतो आणि नस्त्यांच्या, म्हणजे फायलींच्या, यादीत तो शोधतो. कुठल्याही नस्तीच्या पाठीवर ‘घातक कचरा’ लिहिलेलं नसेल तर त्याच्या लेखी तो अहवाल नाही. आणि तसं कुणी लिहीत नाही. नस्तीवर ‘घातक कचऱ्याची जागा’ असं लिहिलं की अशी जागा आहे हे त्या कार्यालयाने मान्य केलं, आणि मान्य केलं की पुढचा प्रश्न उभा राहतो : मग तुम्ही काय केलंत? म्हणून शब्द मऊ निवडले जातात. अभ्यास, गुणवत्ता, आधारभूत माहिती, परिसर. मी हे कुणाच्या वाईट हेतूबद्दल म्हणत नाही. वर्षानुवर्षं तशीच भाषा लिहायची सवय झालेली असते. परिणाम मात्र असा की गावाचा शब्द आणि कार्यालयाचा शब्द यांची कधी भेटच होत नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. कागद एकेकाळी कार्यालयात होता हे दाखवता आलं, तर “सापडत नाही” एवढं म्हणून सुटता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१३ च्या भांबुरकर प्रकरणातल्या निकालात हे स्पष्ट केलं आहे : कसून शोध घ्यायला हवा, आणि तरीही मिळाला नाही तर चौकशी करून जबाबदारी निश्चित करायला हवी. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा स्वतंत्र अधिनियमही आहे, २००५ चा. पण या सगळ्याला आधी पुरावा लागतो की कागद होता. आमच्याकडे होती फक्त एक नळी.

नळीवरची अक्षरं

‘नि. वि. ४’. आबांच्या नातवाने मोबाइलवर काढलेला तो फोटो मी कितीतरी वेळा उघडून पाहिला असेल. भूजलाचं काम केलेल्या एका मित्राला दाखवला तेव्हा त्याने एका क्षणात सांगितलं : “निरीक्षण विहीर. आणि चार नंबर आहे म्हणजे किमान तीन अजून असणार.” आम्ही गावाभोवती शोधलं. दोन सापडल्या, एक बांधाच्या दगडांखाली, एक चक्क एका गोठ्याच्या भिंतीला लागून.

त्या मित्राने आणखी एक कळीची गोष्ट सांगितली. गायरानात किंवा गावठाणात विंधन (बोअर) घ्यायचं तर ग्रामपंचायतीला पत्र द्यावं लागतं. म्हणजे अहवाल कुठेही असो, त्याच्या आधीचं एक पत्र गावात येऊन गेलेलं असणार.

राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, वेगळा अर्ज न करता. ही सोय फारशी कुणाला माहीत नसते. सोमवारी आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेब चांगले होते. “कोणत्या सालची आवक नोंदवही काढू?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि तिथेच आम्ही अडलो. मशीन नक्की कधी आलं होतं?

आबा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, “धाकटीचं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षी. ज्वारी काढणीला आली होती. मशीनच्या आवाजाने पाखरं उठायची, राखण करायला लागायची नाही, म्हणून ध्यानात आहे.” लग्नाची पत्रिका घरात होती. साल मिळालं. रब्बीची ज्वारी काढणीला म्हणजे माघ-फाल्गुन. शोध दोन महिन्यांवर आला.

नोंदवही लाल कापडाच्या बांधणीची होती, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. रकाने पाच : अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून आले, विषय, शेरा. अक्षर तीन वेगवेगळ्या हातांचं. विषयाच्या रकान्यात घरकुल, पाणीपट्टी, जन्मदाखला, दिवाबत्ती, पुन्हा घरकुल. नातू एक पान वाचायचा, मी दुसरं. पहिल्या सोमवारी काही मिळालं नाही. दुसऱ्या सोमवारी पावणेपाचला नातवाचं बोट थांबलं. “निरीक्षण विंधन विहिरी घेण्यास ना हरकत मिळणेबाबत.” शेऱ्यात लिहिलं होतं : “मा. सरपंच यांचे अवलोकनार्थ.” आणि ‘कोणाकडून’ या रकान्यात ज्या कार्यालयाचं नाव होतं, त्याला आम्ही अर्जच केला नव्हता.

भाऊसाहेबांनी त्या वर्षाचं दफ्तर सोडून पत्र काढून दिलं. एक पान. त्याच्या ‘संदर्भ’ या ओळीत कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख होती, आणि मजकुरात अभ्यासाचं पूर्ण नाव : औद्योगिक क्षेत्रालगतच्या मृदा व भूजल गुणवत्तेचा आधारभूत अभ्यास. सगळं पत्र वाचलं. त्यात ‘कचरा’ हा शब्द एकदाही नव्हता. ‘खाण’ही नव्हती.

दुसरा अर्ज

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा असावा, असा २०१२ पासूनचा नियम आहे. पहिल्यांदा मला तो जाच वाटला होता. या वेळी तोच कामी आला, कारण काय मागायचं ते आता नेमकं माहीत होतं. अर्जात अहवाल मागितलाच, पण त्याच्या अवतीभवतीचे कागद आधी मागितले :

“कार्यादेश क्र. … दि. … अन्वये करण्यात आलेल्या अभ्यासाबाबत : (१) सदर कार्यादेशाची प्रत. (२) अभ्यास सादर करतानाच्या अग्रेषण पत्राची प्रत. (३) सादर झालेला अहवाल, सर्व सहपत्रांसह. (४) अदा केलेल्या देयकाची व प्रमाणकाची प्रत. (५) अहवालावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत.”

कचऱ्याचा उल्लेख नाही, आरोप नाही, कारणही नाही. कलम ६(२) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, आणि सांगितलं तर उत्तर देणारा माणूस त्या कारणालाच उत्तर देत बसतो.

देयक, म्हणजे बिल, का मागितलं ते सांगते. अहवाल कपाटात राहू शकतो, पण काम करणाऱ्या संस्थेचे पैसे कुणी तसे ठेवत नाही. पैसे द्यायचे तर काम पूर्ण झाल्याचा दाखला लागतो. दाखला द्यायचा तर अहवाल मिळाल्याची नोंद लागते. म्हणून लेखाशाखेत गेलेला माग सहसा पुसला जात नाही.

उत्तर तिसाव्या दिवशी आलं. कार्यादेश दिला, अग्रेषण पत्र (अहवालासोबतचं पत्र) दिलं, देयकाची प्रतही दिली. अहवालाबद्दल लिहिलं होतं : “सदर अहवाल प्रारूप स्वरूपात असून शासनाच्या विचाराधीन आहे. अंतिम झाल्यानंतर उपलब्ध करून देण्यात येईल.” आबा खट्टू झाले. मी मात्र त्या दिवशी खूश होते. दहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी लेखी मान्य केलं होतं की अहवाल आहे.

‘विचाराधीन’

हा शब्द माहिती अधिकार कायद्यात कुठे आहे ते शोधून पाहा. कलम ८(१) मध्ये माहिती नाकारण्याची कारणं (क) पासून पुढे ओळीने दिली आहेत. प्रारूप (मसुदा), अपूर्ण, विचाराधीन असं स्वतंत्र कारण त्यांत नाही. मंत्रिमंडळाच्या कागदांपुरता एक अपवाद आहे, तो इथे लागू होत नाही. उलट कलम २(च) मधल्या ‘माहिती’च्या व्याख्येतच अहवाल, अभिप्राय, सल्ला हे शब्द आहेत.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच सह्याद्रीचा आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट परिसरतज्ज्ञ गटाने ३१ ऑगस्ट २०११ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला अहवाल सादर केला. मंत्रालयाने तो प्रसिद्ध केला नाही. अंतिम झालेला नाही, राज्यांशी चर्चा व्हायची आहे, असं सांगितलं गेलं. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला आणि ९ एप्रिल २०१२ ला केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १७ मे २०१२ ला न्यायालयाने मंत्रालयाची याचिका फेटाळली आणि त्याच महिन्यात अहवाल लोकांसमोर आला. त्या अहवालाशी कुणी सहमत असो वा नसो, सरकार निर्णय घेत असतानाच लोकांना तो वाचायला मिळाला पाहिजे, ही गोष्ट त्यातून पक्की झाली.

प्रथम अपिलाला, जोडपत्र ‘ब’ ला, वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो आणि मुदत तीस दिवसांची. अपिलात मी वरचा दाखला तारखांसह लिहिला, आणि एक साधा प्रश्न जोडला : अग्रेषण पत्रात “अंतिम अहवाल यासोबत सादर” असे शब्द आहेत, मग प्रारूप कोणत्या तारखेला झालं?

सुनावणी वीस मिनिटं चालली. अपिलीय अधिकारी सभ्य होते, त्यांनी आबांना आधी बसायला सांगितलं. मग मला म्हणाले, “मॅडम, अहवाल असा दिला तर गावात घबराट होईल.”

मी काही बोलायच्या आत आबाच बोलले. “साहेब, घाबरून झालंय. आता काय ते कळू द्या.”

पंधरा दिवसांत अहवाल देण्याचा आदेश झाला.

सहपत्रं

अडतीस पानं आली. घरी येऊन एका बैठकीत वाचली आणि पुन्हा तोच राग आला. मजकुरात जागोजागी लिहिलं होतं : ‘पाहा सहपत्र १’, ‘तपशील सहपत्र ३ मध्ये’. सहपत्रं, म्हणजे अहवालाला जोडलेली पानं, नव्हती. नमुने कुठून घेतले तो नकाशा सहपत्र १ मध्ये, निकालांचे तक्ते सहपत्र ३ मध्ये. मुख्य भागात एवढंच की “काही नमुन्यांत काही घटक विहित मर्यादेपेक्षा अधिक आढळले.” कोणता नमुना, कुणाची विहीर? आबांना नेमकं तेच हवं होतं. घातक कचऱ्याच्या अहवालात प्रस्तावना आणि समारोप कुठल्याही गावाला चालतील असे असतात. गावाचं जे काही असतं ते तक्त्यात आणि नकाशात.

सहपत्रांबद्दल विचारलं तर कलम ८(१)(घ) पुढे आलं : अभ्यास करणाऱ्या संस्थेचं व्यावसायिक गुपित. लोकांच्या पैशातून लोकांच्या विहिरीचं पाणी तपासलं, त्यात गुपित कुणाचं, हे मला आजही समजत नाही. त्या कलमातच व्यापक लोकहिताचा अपवाद आहे. शिवाय कलम १० सांगतं की काही भाग द्यायचा नसेल तर तेवढा वगळून उरलेला द्या. तपासणीची पद्धत गुपित असेलही, पण निकालाचा आकडा कसा असेल? मी जोडपत्र ‘क’ भरून नव्वद दिवसांच्या मुदतीत दुसरं अपील केलं. माहिती आयोगापुढे प्रकरणांची रांग मोठी असते, हे माहीत असल्यामुळे फक्त त्यावर अवलंबून राहिले नाही.

देयकाची प्रत हातात होती. पैसे ज्या कार्यालयाने दिले होते, ते अहवाल दडवणारं कार्यालय नव्हतं, ते तिसरंच होतं. तिथे मी प्रत मागितलीच नाही. कलम २(ञ) प्रमाणे अवलोकन, म्हणजे नस्ती तिथेच बसून पाहणं, मागितलं. पहिल्या तासाला शुल्क नसतं. एक तास पुरे होता.

लेखाशाखेतल्या बाईंनी नस्ती टेबलावर ठेवली आणि त्या आपल्या कामाला लागल्या. कार्यादेशाची अट क्रमांक सहा मी आधीच वाचून ठेवली होती : अहवालाच्या तीन प्रती सहपत्रांसह सादर केल्याशिवाय अंतिम देयक अदा होणार नाही. मग तिसरी प्रत कुठे असणार? देयकाच्या मागे, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. शेवटी आठ घड्या घातलेला रंगीत नकाशा. घड्या इतक्या कडक होत्या की तो बांधल्यापासून कुणी उघडलेला नसावा. त्यावर खाण करड्या रंगात, निरीक्षण विहिरी त्रिकोणात, गावातल्या विहिरी निळ्या ठिपक्यांत, प्रत्येकीला क्रमांक. त्या बाईही क्षणभर वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, “माझं माहेर इथून दोन गावं पलीकडे आहे.” मग त्यांनीच प्रतींसाठीचा अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. साध्या पानाला दोन रुपये. चार दिवसांनी साक्षांकित प्रती मिळाल्या.

अहवालात काय होतं

अहवाल वाईट नव्हता. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण दडवलेला कागद भयंकरच असणार असं आपण धरून चालतो. ज्यांनी तो लिहिला त्यांनी काम नीट केलं होतं. खाणीकडून जमिनीचा उतार कुठे जातो, भूजल कुठल्या दिशेला वाहतं, हे मोजलं होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि शिशाची ०.०१. उताराच्या बाजूच्या तीन विहिरींत क्रोमियम त्या मर्यादेच्या वर होतं. शिसं एकीत. उताराच्या उलट बाजूच्या विहिरी मर्यादेत होत्या, म्हणजे पाणी जमिनीतूनच मुळात तसं येत असावं, ही शक्यताही त्यांनी तपासून बाजूला ठेवली होती.

शेवटच्या पानावर शिफारशी होत्या. त्या तीन विहिरींचं पाणी पिण्यासाठी वापरणं तातडीने थांबवावं. खाणीला कुंपण घालावं. वर्षातून दोनदा पुन्हा तपासणी करावी. ‘तातडीने’ हा शब्द ज्याने लिहिला, त्याला तो मनापासून लिहावासा वाटला असणार. टिपणीच्या पानावर त्याखाली एकच ओळ होती : “अवलोकन केले. नस्तीबद्ध करावे.” माझा राग त्या एका ओळीवर आहे. लेखकांवर नाही, आकड्यांवर नाही, सुनावणी घेणाऱ्या साहेबांवरही नाही.

अहवालाच्या उणिवाही गावाला सांगायला हव्या होत्या, आणि त्या सांगितल्या. नमुने एकाच हंगामात घेतलेले होते. पावसाळ्यात खाण भरते तेव्हा काय होतं, ते त्यात नाही. खाणीच्या तळाखालची माती तपासलेली नाही. गावातल्या कुणाच्याही तब्येतीबद्दल त्यात एक अक्षर नाही. त्यामुळे कुणाचा आजार या पाण्यामुळे झाला, असं या कागदावरून म्हणता येत नाही. पाणी पिऊ नये, एवढं मात्र नक्की म्हणता येतं. क्रोमियम जमिनीत पडलं की नुसती वाट बघितली म्हणून जात नाही. तमिळनाडूतल्या राणीपेटचा क्रोमेट कारखाना १९९५ मध्ये बंद पडला, त्याच्या आवारातला कचऱ्याचा ढीग त्यानंतर कित्येक वर्षं तिथेच होता. भोपाळच्या कारखान्यात साठवून ठेवलेला ३३७ टन कचरा शहराबाहेर काढायला जानेवारी २०२५ उजाडला. जमिनीत मुरलेला तर वेगळाच.

आज हा शोध कुणी सुरू करणार असेल तर त्याने आणखी एका ठिकाणी विचारावं. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. त्यांप्रमाणे जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांची माहिती पुढे द्यायची आहे, मग राज्य मंडळाने किंवा नेमलेल्या संस्थेने ठरलेल्या मुदतीत तपासणी करायची आहे. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी ती सहामाही माहिती मागा. त्यात तुमची खाण नसेल तर ती घालण्यासाठी लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. आमची खाण घालण्याचं निवेदन गेलं आहे. दुसरं अपील अजून प्रलंबित आहे. ते मागे घेतलेलं नाही, कारण सहपत्रं ज्यांनी नाकारली त्यांनीच ती द्यावीत, असं मला वाटतं.

ग्रामसभा पारावर भरली. नातवाने सहपत्र ३ मोठ्याने वाचलं, विहिरीचा क्रमांक आणि पुढे मालकाचं नाव, जे आम्ही नकाशावरून पेन्सिलीने लिहिलं होतं. तीन विहिरींच्या पाण्याला पर्याय मिळेपर्यंत टँकर द्यावा आणि तपासणी पुन्हा व्हावी, असा ठराव झाला. आबांची विहीर सात नंबरची निघाली. तिघींतली एक.

ते काही बोलले नाहीत. सभा संपल्यावर मला म्हणाले, “ते पान माझ्याकडे असू द्या.” घडी घालून त्यांनी ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. आम्ही त्यांच्याबरोबर मळ्यापर्यंत चालत गेलो. विहिरीवर दोन मोटारी होत्या, एकीचं पाणी पिकाला जायचं, एकीचं घराला. आबांनी स्टार्टरची पेटी उघडली, घराच्या मोटारीचा फ्यूज काढला आणि त्याच खिशात टाकला.